गाळणी

बापानं तीस वर्षं चहा गाळला
परभणी स्टेशनासमोर, कडुलिंबाखाली.
गाळायचं फडकं रात्री धुऊन
सायकलच्या हँडलला वाळत घालायचा.
सकाळी ते कडक, तपकिरी,
तलाठ्याकडच्या जुन्या नकाशासारखं.
कपात एक पत्ती तरंगली
तरी गिऱ्हाईक कप तिथंच उपडा करायचं.
"च्यात काही पडलं, की धंदा पडला,"
एवढंच त्याचं शास्त्र.

आणि मी त्याची पोरगी, शिवकन्या,
वसमत रोडला, झेरॉक्सच्या शेजारी,
चहात काळे गोळे टाकते.
मुद्दाम. पळीनं मोजून.
वर एकशे दहा रुपये घेते.

सकाळी सातला पातेलं चढतं.
गोळे आधी तळाला जाऊन बसतात
रुसल्यासारखे,
मग एकेक वर येतो.
अर्धा तास उकळी, अर्धा तास झाकण,
मग मोंढ्यातल्या गुळाचा पाक.
कंपनीची साखर परवडत नाही, आणि खरं सांगू,
गुळाला आपला वास असतो.
दुपारपर्यंत खपले नाहीत तर
गोट्या होतात, पोरं खेळतील अशा.

दुकानाला महिना झाला तेव्हा तो आला.
रस्त्यापलीकडं उभा राहून पाटी वाचली,
अक्षर अक्षर जोडून.
"बबल म्हंजी?"
"बुडबुडा."
"आन् ह्ये काळं?"
"नाव त्याचं नाही, आप्पा. नाव फेसाचं."
गार चहा डब्यात घालून खळखळ हलवला,
वर फेस धरला, तो दाखवला.
फेस त्याला कळला. मान हलली.

मग म्हणाला, काढला कोणी हा?
तैवानात, म्हटलं, चाळीसेक वर्षं झाली.
दोन दुकानं भांडतात:
एक म्हणतं आमच्या पोरीनं
बैठकीत बसल्या बसल्या
पुडिंगातले गोळे चहात ओतले, गंमत म्हणून;
दुसरं म्हणतं, आम्ही बाजारात पांढरे गोळे पाहिले,
तिथून सुचलं.
कोर्टात गेले. दहा वर्षं खटला.
शेवटी कोर्ट म्हणालं,
कोणीही करावा, कोणीही विकावा.

"दहाच वर्षं?" बाप म्हणाला.
आमची बांधाची केस एकोणीस वर्षांची आहे.
मग जरा थांबून,
"स्टेशनावर गवती चहा पहिल्यांदा म्याच टाकला.
चाँदभाई म्हणायचा, त्यानं.
मेला बिचारा. आता म्हणावं, त्यानंच टाकला."

आई सोबत होती. तिचा प्रश्न वेगळा:
गोळे कशाचे?
कंदाचे. ज्या कंदाचा साबुदाणा होतो
त्याच कंदाचे.
तिनं बोटांवर हिशोब केला.
साबुदाणा चालतो. दूध चालतं. गूळ चालतो.
चहा तर चालतोच.
तेव्हापासून दर संकष्टीला गयाबाईंचा एक ग्लास,
उधारीवर, चंद्रोदयाची वाट न पाहता.

बापाच्या हाती ग्लास दिला.
नळी बघून म्हणाला, ही तर ठिबकची हाय.
ओढलं.
पहिला गोळा टुपकन वर आला
आणि त्याचा चेहरा, देवा,
तीस वर्षांचा चहावाला जागा झाला त्यात.
चहात काहीतरी पडलंय.
भुवया वर. ग्लास तिरका.
मी गल्ल्यामागं उभी, हात पाकात चिकटलेले.

ओतला नाही.
डावीकडच्या चार दातांनी चावत राहिला,
बराच वेळ.
कॉलेजची पोरं आली, फोटो काढले, गेली.
तो अजून चावतोय.
"च्या प्यायचा का खायचा ह्यो?"
मी म्हटलं, दोन्ही.
"मंग एकशे दहा बरोबर हाय," म्हणाला.
स्तुती की टोमणा, मला अजून उलगडलं नाही.

निघताना दारात थांबला.
माझ्या स्कूटीच्या हँडलला
फडकं लटकलं होतं.
गोळे टाकायच्या आधी चहा मीही गाळतेच,
दोनदा.
त्यानं ते बोटांत धरून पाहिलं.
"वलंच हाय," म्हणाला,
आणि उलटून, उन्हाच्या बाजूला करून घातलं.